वाजवणाऱ्यांचं वतन

मराठी माणूस भक्तपूरला जातो तो बहुतेक वेळा दत्तासाठी. काठमांडूहून निघालेली सहलीची बस थांबते, सगळे जण तचपाल चौकातल्या दत्तात्रेयाच्या मंदिराला प्रदक्षिणा घालतात, शेजारच्या मठाची मोराची खिडकी मोबाइलमध्ये टिपतात, मातीच्या वाडग्यातलं जुजूधौ नावाचं घट्ट गोड दही खातात आणि अंधार पडायच्या आत परत फिरतात. त्यामुळे संध्याकाळनंतर तिथे जे होतं ते त्यांच्या कानावर पडतच नाही.

मी एकदा मुद्दाम मागे राहिलो. जवळच्या एका फल्च्यात दहा-बारा पुरुष दोन रांगा करून समोरासमोर मांडी घालून बसले. फल्चा म्हणजे कोरीव लाकडी खांबांची उघडी ओसरी. आपला पार आणि धर्मशाळा एकत्र केली तर जे होईल ते. दोन रांगांच्या मध्ये घड्यांची जुनी पोथी. एकाच्या मांडीवर खिं, म्हणजे आपल्या पखवाजाचा धाकटा भाऊ शोभेल असं चर्मवाद्य. दोघांच्या हातात ‘ता’, जाड आणि लहान झांजा. आधी नुसतं खिं वाजलं. ते देवाला बोलावणं. मग एका म्हाताऱ्याने ठेक्याशिवाय रागाचे सूर लावले, आणि ते विरतायत तोवर पद सुरू झालं. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती झेलते, लय चढत जाते, झांजा कानठळ्या बसेपर्यंत घुमतात आणि एकदम सगळं थांबतं. याला दाफा म्हणतात. मी एकाला पदाचा अर्थ विचारला, तेव्हा त्याने हसून पोथीकडे बोट दाखवलं.

ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं. बायका भाजी घेऊन जात होत्या, एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली, कडेला एक नातू पेंगत होता. माझ्याकडेही कोणी पाहिलं नाही, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटलं. आपण श्रोते म्हणून थांबलो की कलावंताने निदान मान हलवावी अशी आपली सवय असते. इथे ते गाणं मुळी माझ्यासाठी नव्हतंच.

नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातला मूळचा समाज. ‘नेवार संगीत वाचवा’ म्हणून जे जे चाललेलं असतं, त्याबद्दलची माझी तक्रार इथून सुरू होते. महोत्सव, रेकॉर्डिंग, पर्यटकांसाठी रंगमंच, हे सगळे उपाय श्रोता नसणं हा आजार आहे असं धरून चालतात. या संगीताला श्रोता कधी लागलाच नाही. त्याला लागायचं शेत.

हे शेताचं प्रकरण कळायला गुठी कळली पाहिजे. शब्दाचं मूळ संस्कृत ‘गोष्ठी’. काठमांडू खोऱ्यातल्या लिच्छवीकालीन शिलालेखांतही त्याचा पूर्वज सापडतो. नेवार माणूस एका वेळी अनेक गुठ्यांचा सभासद असतो: एक कुलदैवताची, एक अंत्यविधीची, एक आळीच्या देवळाची, एक वाद्यांची. कोणीतरी पुण्यासाठी जमीन गुठीला लावून दिलेली असायची. तिच्या भातातून दिव्याचं तेल यायचं, खिंचं कातडं बदललं जायचं, संगीतदेवाची पूजा व्हायची आणि वर्षातून एकदा सगळ्यांचं जेवण. जेवणाला हसू नका. कांडलेले पोहे, म्हशीचं मांस, काळे सोयाबीन, आलं आणि ऐला म्हणजे घरची दारू असं पान मांडून आळी एका पंगतीला बसली, की पुढच्या वर्षी रोज संध्याकाळी कोण हजर राहणार हे तिथेच पक्कं व्हायचं. पंगतीत जागा आहे तर फल्च्यातही आहे, आणि फल्च्यात तीनदा दांडी मारली तर पंगतीत तोंड दाखवायची लाज वाटणार.

संगीतदेवाचं नाव नासःद्यः. नटराजाचं रूप म्हणून त्याला ओळखतात, पण भक्तपूरच्या कित्येक ठिकाणी त्याची मूर्तीच नसते. भिंतीत एक भोक असतं. हा देव सरळ रेषेत ये-जा करतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याच्या वाटेवर घर आलं तर भिंतीत त्याला वाट ठेवायची. विटेच्या घराच्या दर्शनी भागात विनाकारण दिसणारं भोक पाहिलं, की समजावं आत कुठेतरी वाद्य शिकवतात. मुलगा धिमय नावाचा मोठा ढोल शिकायला जातो तो आधी या देवाची पूजा करून. महिनोन्महिने संध्याकाळी दाराआड बोल तोंडी घोकायचे, मग हात टाकायचा, आणि शिक्षण पुरं झालं की कोंबडं-बोकड देऊन मोठी पूजा करून पहिल्यांदा रस्त्यावर यायचं. हा सगळा खर्च कोणी एक बाप करत नाही, आळी करते. निदान करत असे.

या पदांमध्ये कवीची मुद्रा असते. आपल्याला ‘तुका म्हणे’ परिचयाचं, इथे मल्ल राजांची नावं येतात. भाषा कधी जुनी नेपालभाषा म्हणजे नेवारांची स्वतःची, नेपाळीहून वेगळी भाषा, कधी मैथिली, कधी संस्कृत. १७६८-६९ मध्ये गोरख्यांनी खोरं जिंकलं, भक्तपूरचा शेवटचा मल्ल राजा रणजित काशीला निघून गेला, दरबार संपला. पण त्या राजांची पदं ज्यापू म्हणजे शेतकरी जातीच्या गळ्यात राहिली आणि पुढची दोनशे वर्षं रोज संध्याकाळी गायली गेली. आश्रयदाता राजा गेला तरी गाणं टिकलं, याचा अर्थ खरा आश्रय राजाचा नव्हता.

मग १९६४ साल आलं. त्या वर्षी नेपाळात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि गुठी संस्थान नावाचं सरकारी महामंडळ उभं राहिलं. राजगुठ्यांच्या, म्हणजे सरकारी मानलेल्या गुठ्यांच्या जमिनी त्याच्या ताब्यात गेल्या. खाजगी गुठ्यांपैकी काहींच्या जमिनी ज्या सभासदांच्या नावावर लागल्या त्यांनी यथावकाश विकून टाकल्या. कुळांचे हक्क पक्के झाले, खंड जिथल्या तिथे राहिला आणि महागाई चढत गेली. कागदावर गुठीचं उत्पन्न होतं. प्रत्यक्षात त्यातून तेलाची बाटलीही येईना.

इथे गुठीच्या बाजूने बोलणारे बरेच जण एक गोष्ट गिळून टाकतात. कुळकायद्याचा फायदा झाला तो याच ज्यापूंना. भक्तपूरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळत होता, त्याला पहिल्यांदा जमिनीवर पाय रोवून उभं राहता आलं. तिथली कामगार-शेतकऱ्यांची पार्टी आजही इतकी घट्ट पाय रोवून आहे त्यामागे ही आठवण आहे. म्हणजे ज्या हातांत धिमय होता, त्याच हातांत सातबारा आला, आणि त्या सातबाऱ्याने धिमयच्या कातड्याचा खर्च बुडवला. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीने इथे सरळ एक बाजू घेणं अवघड आहे. आपल्याकडच्या देवस्थान इनामांचा गुंता ज्यांनी तहसील कचेरीत पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतोय ते जास्त बोलायला नको.

कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. कुळाला जमीन मिळायलाच हवी होती. चूक पुढच्या पायरीवर झाली. गुठीच्या उत्पन्नाला पर्याय म्हणून सरकार स्वतः दाता बनलं, आणि आळीचा हक्क होता त्याची कृपा झाली. कृपेचा स्वभाव २००८ साली सगळ्यांना दिसला. राजेशाही संपून आलेल्या माओवादी सरकारने पहिल्याच अंदाजपत्रकात येंया म्हणजे इंद्रजात्रेसारख्या उत्सवांचा पैसा कापला. सप्टेंबरमध्ये काठमांडूच्या रस्त्यांवर टायर जळले, सरकार नमलं, पैसे परत आले. पण अंदाजपत्रकातल्या एका ओळीवर शेकडो वर्षांची जात्रा लटकलेली आहे, हे त्या आठवड्यात कळलं. ज्या जमिनीतून हा खर्च निघत असे ती सरकारनेच घेतलेली होती, हे मात्र मंत्र्यांच्या भाषणात आलं नाही.

२०१९ ची गोष्ट ताजी आहे. गुठ्यांना नव्या सरकारी प्राधिकरणाखाली आणणारं विधेयक आलं आणि जूनमध्ये काठमांडूतल्या मैतीघर मंडला या चौकात जे लोटले, त्यांच्या हातात फलकांइतकीच वाद्यं होती. विधेयक मागे घ्यावं लागलं. त्या गर्दीतले किती जण रोज फल्च्यात बसतात असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, उत्तर ‘फार थोडे’ असंच येईल. पण उत्सवाच्या दिवशी आणि संकटाच्या दिवशी जमणारे लोकही गुठीचेच असतात. वारकऱ्यांपैकी किती जण रोज हरिपाठ म्हणतात?

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख आठवणींच्या गोडव्यात बुडेल.

नेवार संगीत जातींत वाटलेलं आहे, आणि ही वाटणी नुसती श्रमविभागणी नाही. नायखिं हे चर्मवाद्य खड्गींचं. त्यांचा परंपरागत धंदा खाटकाचा. मिरवणुकीत आणि प्रेतयात्रेत पुढे वाजवत चालणं त्यांचं काम. मुहाली म्हणजे सनईच्या कुळातलं वाद्य, ते कापालींचं. हे कापाली मूळचे कानफाटे नाथपंथी, संसारात पडलेले जोगी. ज्या घरांत नवनाथांची पोथी वाचली जाते त्यांना हे नातं लगेच कळेल. काठमांडूशेजारच्या पाटणमध्ये ज्याचा उंच रथ ओढतात तो बुंगद्यः हा मच्छिंद्रनाथच, आणि गोरखनाथाची परंपरा आपल्या निवृत्तिनाथ-ज्ञानेश्वरांपर्यंत येते. पण आपल्याकडे त्या परंपरेची ज्ञानेश्वरी झाली. तिथल्या कापालींच्या वाट्याला आलं कपडे शिवणं, देवापुढे मुहाली फुंकणं आणि दुसऱ्याच्या घरी मृत्यू झाला की त्या विधीतलं अन्न स्वीकारणं. देवाच्या रथापुढे वाजवणाऱ्या माणसाच्या हातचं पाणी चालत नव्हतं.

म्हणून अनेक कापाली कुटुंबांनी मुहाली खाली ठेवली. पोरं शिकली, दुकानं टाकली, परदेशी गेली. ‘मुहालीवादक उरले नाहीत’ असा हळहळीचा सूर मी अनेकदा वाचतो, आणि प्रत्येक वेळी मला आपल्याकडचं वतन आठवतं. महारवतनात जमीन होती, बलुतं होतं, गावात ठरलेलं स्थानही होतं; आणि त्या सगळ्याच्या बदल्यात गावाची हलकी ठरवलेली कामं पिढ्यान्‌पिढ्या करायची सक्ती होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं ते त्या जमिनीच्या तुकड्यात गुलामगिरी आहे हे ओळखून. १९५८ च्या कायद्याने ती वतनं संपली. हलगी खाली ठेवणारी मातंग पोरं आपण पाहिलेली आहेत. ‘कला बुडाली’ म्हणून त्यांच्याकडे जाऊन रडण्याचा अधिकार गावाला आहे का? मला नाही वाटत.

मग गुठी हे नेवारांचं वतनच का? माझं उत्तर असं की काही गुठ्या वतन आहेत आणि काही नाहीत, आणि दोन्हींवर एकच शिक्का मारणं हीच या चर्चेतली सगळ्यात मोठी गफलत आहे. दाफाच्या गुठीत गाणारेच मालक असतात. जमीन त्यांची, पंगत त्यांची, शिस्त त्यांची. कापालीला जात्रेत वाजवायला लागायचं ते दुसऱ्याच्या देवस्थानाची सेवा म्हणून. एकात सभासद, दुसऱ्यात सेवक. पहिलीला उत्पन्न परत मिळालं पाहिजे. दुसरीतली सक्ती मेली तर मरू द्यावी. मुहाली वाजली तर ती वाजवणाऱ्याच्या मर्जीने आणि योग्य बिदागीवर वाजावी. नाहीच कोणी मिळालं तर तेवढी जागा रिकामी ठेवून जात्रा निघावी. गुंला बाजंमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट शिरून जमाना झाला. नेवार बौद्धांच्या गुंला महिन्यात पहाटे स्वयंभू स्तूपाकडे निघणाऱ्या त्या तांड्यांमध्ये धाः या चर्मवाद्याच्या जोडीला ती बेधडक वाजतात, आणि धर्म बुडालेला नाही. आपल्याकडच्या बँजो पार्टीची आठवण होते खरी, पण मला ते सूर आवडतात.

‘संकट कुठे आहे, धिमय तर जोरात आहे,’ असंही सांगितलं जातं. हो, आहे. धिमय हे मोठ्या पोटाचं दुतोंडी वाद्य, एका तोंडावर हात आणि दुसऱ्यावर टोकाला वेटोळं केलेली वेताची काठी, सोबत भुस्या नावाच्या मोठ्या झांजा. नेपाल संवत या नेवारांच्या कालगणनेच्या नववर्षाला शेकड्यांनी धिमय निघतात. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे हाकुपटासी या काळ्या साडीच्या लाल काठात चालणाऱ्या मुली गळ्यात धिमय अडकवून मिरवणुकीच्या पुढे असतात. एके काळी हे वाद्य पुरुषांचं, आणि नासःद्यःच्या विटाळाच्या भीतीने बायकांना त्याच्या जवळ फिरकू देत नसत. ते दार मुलींनी उघडलं. ज्येष्ठांनी नाकं मुरडली, मग गप्प बसले, आता फोटो काढतात. पुण्याच्या ढोल-पथकांची वाट साधारण अशीच गेली.

पण धिमय का वाढला हे पाहिलं की काळजी वाटते. तो मोठ्याने वाजतो, रस्त्यावर शोभतो आणि ‘आम्ही नेवार’ हे दोन फर्लांगांवरून ऐकू जातं. या समाजाला ते ओरडून सांगायची गरजही होती: राणा पंतप्रधानांच्या घराणेशाहीच्या काळात नेपालभाषेत लिहिलं म्हणून कवी तुरुंगात गेले आणि १९६५ साली रेडिओ नेपाळवरून ही भाषा हटवली गेली. अशा अपमानानंतर मोठा आवाज हवासा वाटतो. दाफा मात्र कोणाच्याच अस्मितेच्या कामाचा नाही. तो बसून गायचा असतो. त्यात चो, जति, प्रताल असे ताल आणि डझनावारी राग लक्षात ठेवावे लागतात. शब्द गाणाऱ्यालाही नीट कळत नाहीत. मिरवणुकीत तो शोभत नाही, रीलमध्ये तो मावत नाही. बाजारालाही तो नको आणि आंदोलनालाही नको, तेव्हा त्याला फक्त गुठीच पोसू शकते.

रेकॉर्डिंगच्या उपयोगाबद्दल मी उदार आहे. ‘राजमती’ हे प्रेमगीत सेतुराम श्रेष्ठांनी १९०८ मध्ये कलकत्त्याला तबकडीवर गायलं, आणि आज काठमांडूत ते न येणारा माणूस शोधावा लागेल. शीतलामाजूचं गाणं, देवीच्या साथीत शहराबाहेर काढलेल्या लेकरांचं, ऐकताना अजूनही घसा दाटतो. ही गाणी माणसांनी माणसांसाठी केलेली; तबकडी, रेडिओ, मोबाइल यांवर ती सुखाने जगतात. विद्वानांचंही ऋण आहे. गेर्ट-मथियास वेगनर या जर्मन संगीतज्ञाने भक्तपूरच्या वादकांपुढे बसून शिकून घेतलं आणि तिथे काठमांडू विद्यापीठाचा संगीत विभाग उभा केला. ते झालं नसतं तर काही बोल आज कोणालाच आठवले नसते. पण हरप्रसाद शास्त्रींनी १९०७ साली काठमांडूच्या दरबारी ग्रंथालयातून चर्यापदांची, म्हणजे जुन्या बौद्ध पदांची पोथी शोधली, तेव्हा बंगालला आपल्या साहित्याचा उगम सापडला. चर्यागीतं गाण्याची रीत मात्र वज्राचार्यांच्या, म्हणजे नेवार बौद्ध पुरोहितांच्या पूजाघरांत राहिली, कारण तिथे ती गाणं हे कोणाचं तरी काम होतं. ग्रंथालयाने शब्द सांभाळले. आवाज सांभाळायला दीक्षा घेतलेला गळा लागला.

म्हणून माझी मागणी रुक्ष आहे, हिशेबाच्या वहीतली. गुठी संस्थानाकडे गेलेल्या ज्या जमिनी मुळात गाण्या-वाजवण्यासाठी लावून दिल्या होत्या, त्यांची यादी आळीआळीला उघड करावी आणि त्यांचं आजच्या भावाचं उत्पन्न त्या त्या आळीच्या गुठीला द्यावं; कुळाची जमीन न काढता, संस्थानाच्या तिजोरीतून. भक्तपूर नगरपालिका परदेशी पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेते. त्यातला ठरलेला वाटा फल्च्यांना मिळावा, आणि त्या बदल्यात पाहुण्यांसाठी प्रयोग करायची अट अजिबात नसावी. पैसा कातड्याला, तेलाला, गुरूच्या मानधनाला आणि हो, पंगतीला. अट घालायचीच तर दोन घालाव्यात: जन्मामुळे कोणावर वाजवायची सक्ती नाही, आणि जन्मामुळे कोणाला दार बंद नाही. दुसरी अट बऱ्याच गुठ्यांना झोंबेल. दाफाच्या रांगेत मुलगी किंवा खड्ग्याचा पोरगा बसवायचा म्हटलं तर काही जण पोथी मिटून घरी जातील. जाऊ देत. ज्या गुठीला सरकारी पैसा नको असेल तिने आपल्या खर्चाने हवं ते करावं.

भातशेतं गेल्यामुळे जे संपलं त्याला यात उपाय नाही. रोपणीच्या वेळची सिनाज्याची गाणी खोऱ्यात सिमेंट पसरलं तशी संपत चालली आहेत, आणि कोणत्याही वहीतून ती परत येणार नाहीत.

त्या रात्री तचपालला गाणं साधारण तासाभराने संपलं. पोथी कापडात बांधली गेली, खिं आतल्या लाकडी कपाटात गेलं, पेंगणाऱ्या नातवाला कोणीतरी खांद्यावर टाकलं. मग दोन म्हाताऱ्यांत थोडी बोलाचाली झाली. भाषा मला कळत नव्हती, पण किल्ली या हातातून त्या हातात जात होती आणि दोघांपैकी कोणीच ती घ्यायला तयार नव्हता. बहुधा उद्या लवकर येऊन दार कोणी उघडायचं, यावरून चाललं असावं. शेवटी खिं वाजवणाऱ्याने ती कमरेला खोचली आणि पुटपुटत गल्लीत वळला.